रफूकाकांच्या खिडकीतला हात

चादरताई भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. नवऱ्याचा जुना, चौकड्यांचा, मनगटाशी घट्ट बटण लावलेला. हॉस्टेलात उतरलेली पोरं अर्ध्या चड्डीत घामाघूम फिरत असतात आणि ही बाई मात्र बंदोबस्तात असल्यासारखी.

"ताई, उकडत नाही का हो?"

"उकडतं की. पण डास फार."

या मजल्यावर डास नाहीत. प्रत्येक खिडकीला जाळी तिनंच मालकाच्या मागे लागून ठोकून घेतली आहे. पण पाठीवर पिशवी टाकून आलेल्या आणि परवा दुसऱ्याच गावी जाणाऱ्या पाहुण्याला एवढं कुठलं कळायला? तो मान डोलावतो, चादर आणि उशीचा अभ्रा घेतो आणि आपल्या खाटेकडे जातो. चादरताई बाहीचं बटण चाचपून बघते.

हॉस्टेल म्हणजे एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. दोन लांबच लांब खोल्या, दुमजली लोखंडी खाटा, भिंतीला कुलपांचे कप्पे आणि टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, जिथली किटली दिवसभर उकळत असते. कमी पैशांत जग बघायला निघालेली मंडळी इथं येतात. मोजे बेसिनमध्ये धुतात, किटलीच्या पाण्यात शेवया भिजवून जेवतात आणि एका खाटेचं भाडं वाचावं म्हणून रात्रीच्या बसनं पुढच्या गावी जातात. खालची गल्ली बघून मात्र ती वेडी होतात. एकाच भिंतीवर चार लिप्यांतल्या पाट्या. वरच्या मजल्यावर एका भाषेत भांडण, खालच्या मजल्यावर दुसऱ्या भाषेत समजूत. घरात ज्यानं त्यानं आपल्या भाषेत पोरांना झोडावं आणि भाजी घेताना सगळ्यांनी मिळून एक मोडकीतोडकी, कुणाचीच नसलेली भाषा बोलावी, असा तिथला रिवाज.

लग्नानंतर नवऱ्यानं इथं खोली घेतली म्हणून चादरताई या शहरात आली. नवरा मालवाहू बोटीवर, म्हणजे असून नसल्यासारखा. मुलगी कॉलेजात. हॉस्टेलात ती आधी फरशी पुसायला लागली, मग हळूहळू चादरी, उश्या, पंचे, इस्त्री असा सगळा कारभार तिच्याकडे आला. चादर हातात देता देता ती पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघायची आणि मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकायची. घोरासूर. किटलीचोर. एकमोज्या. वरच्या खाटेवर चढताना दर वेळी खालच्याच्या पोटावर पाय देणारी एक उंच बाई होती, ती शिडीबाई.

आणि या सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा. "ताई, इथं फुकट काय बघायचं?"

हा प्रश्न आला की चादरताईची कळी खुलायची. धक्क्यावर बोटी रिकाम्या होतात ते बघा. वाचनालयाच्या गच्चीवर जा, पहारेकऱ्याला म्हणावं चादरताईनं पाठवलंय. घाऊक फुलांच्या बाजारात सकाळी जा, पण पायात चप्पल नको, बूट घाला, नाहीतर चिखलात रुताल. शहर तिच्या माहेरचंही नव्हतं नि सासरचंही नव्हतं, पण दाखवायला लागली की तिचं स्वतःचं व्हायचं. पाहुणे संध्याकाळी परत येऊन तिला फोनमधले फोटो दाखवायचे आणि ती ते स्वतःच काढल्यासारखी मिरवायची.

एक जागा मात्र ती कुणालाच सांगत नसे. रफूकाकांची.

शेजारच्या इमारतीत जिन्याच्या वळणावर एक ऐसपैस चौकोन होता. भिंतीत एक मोठी गोल खिडकी. तिच्यातून दिवसभर असा काही उजेड यायचा की हवेतलं सूतसुद्धा दिसावं. त्या उजेडाकडे डावा खांदा करून रफूकाका एका बुटक्या स्टुलावर बसलेले असत. पाहुण्यांच्या पिशव्यांच्या बकलांनी आणि चेनींनी फाटलेल्या चादरी घेऊन चादरताई त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जात होती. काका चादर उलटी करायचे, तिच्याच दुमडलेल्या काठातून एक एक धागा ओढून काढायचे आणि फाटलेल्या जागी आडवा-उभा विणत जायचे. झालं की चादर तिच्या अंगावर टाकून म्हणायचे, "शोध."

तिला सापडायचं नाही. दर वेळी ती हट्टानं शोधायची आणि दर वेळी हरायची.

काकांच्या मांडीवर कामापेक्षा मोठं असं एक पांढरं फडकं असायचं. जिन्यात पाऊल वाजलं की फडकं ओढून काम झाकलं जायचं.

"काका, मी आहे. माझ्यापासून काय लपवता?"

"तू आहेस गं. तुझ्या मागून कोण येतंय ते मला काय ठाऊक?"

काकांकडे येणारी माणसंही तशीच. काखेत बोचकं दाबून, जिन्याच्या तोंडाशी उजवीकडे-डावीकडे बघून वर चढणारी. कुणाच्या कोटाला कसर लागलेली, कुणी मागून आणलेल्या कपड्याला इस्त्रीनं भोक पाडलेलं. काका कधी विचारायचे नाहीत, हे कुणाचं, कसं झालं. "रफू म्हणजे काय असतं," ते एकदा म्हणाले होते, "काही झालंच नव्हतं, असं कापडाकडून वदवून घ्यायचं. कापड आपलं तोंड बंद ठेवतं. मग मी कशाला उघडू?"

गल्लीत भाषा अनेक, पण हे सगळ्यांना कळलेलं होतं. रफूकाकांकडे दिलं म्हणजे विहिरीत टाकलं.

मग झिपरी आली.

तिचे केस आधी दारातून आत आले आणि मागून ती. पाठीवर तिच्याएवढीच पिशवी, पायांत वेगवेगळ्या रंगांच्या नाड्या. चादर देतानाच चादरताईनं तिचं नाव ठेवून टाकलं.

"ताई, सगळ्यात स्वस्त खाट कुठली?"

"दारापाशी वरची. पंख्याचा वारा लागत नाही आणि घोरासूर खाली झोपतो."

"चालेल. मला झोप येतच नाही."

"का गं? प्रेमभंग?"

"फोटोभंग," झिपरी म्हणाली आणि धपकन खाली बसली.

गोष्ट अशी होती, की झिपरी गावोगाव स्वस्तात फिरून फोटो ऑनलाइन टाकायची. कुठं स्वस्तात राहायचं, काय बघायचं, सगळं सांगायची. घरच्यांना तिनं सांगितलं होतं, वर्षभर फिरते, लोक बघायला लागले तर हेच काम करीन, नाही तर मुकाट परत येऊन मामाच्या दुकानात बसते. वर्ष संपत आलं होतं. लोक काही बघत नव्हते.

"हे बघा. बंदर. किती जणांना आवडलं? माझ्या आईला, मावशीला आणि एका दात विकणाऱ्या कंपनीला."

"दात विकतात?"

"कवळी हो, ताई!"

दोघी हसल्या. झिपरी तिच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. पंचे वाळत घालायला मदत करायची, चिमटे तोंडात धरून बोलायची, इस्त्री करता करता चादरताई जे सांगेल ते बसून ऐकायची. इस्त्रीच्या टोकानं चादरताईच्या उजव्या मनगटावर कधीकाळी एक त्रिकोणी डाग उठला होता, त्याच्यावर बोट ठेवून म्हणायची, "हा तुमचा शिक्का, ताई." सगळी सांगितलेली ठिकाणं ती बघून आली आणि प्रत्येक ठिकाणाहून तोंड पाडून आली. तिच्या आधी तिथं हजार फोन पोचलेले होते.

"ताई, असं काहीतरी दाखवा ना, जे कुणीच पाहिलेलं नाही."

"आहे एक," चादरताईच्या तोंडून निघून गेलं.

निघून गेलं, असं ती नंतर स्वतःला सांगायची. पण खरं ते खरं, तिला आतून कधीपासूनच वाटत होतं, की तो रफू कुणीतरी बघावा. एवढी कला आणि कुणी बघायचंच नाही? आणि बघितल्यावर त्या बघणाऱ्यानं म्हणावं, वा ताई, तुम्हाला कसं ठाऊक!

दोघी जिना चढून गेल्या तेव्हा स्टूल रिकामं होतं. काका मधूनमधून खाली नळावर जाऊन डोळ्यांवर पाणी मारून येत. स्टुलावर पांढरं फडकं, आणि फडक्याखाली काहीतरी.

"बाप रे," झिपरी खिडकीकडे बघून कुजबुजली. "हा उजेड बघा ताई. पण नुसत्या स्टुलाचा काय फोटो काढू?"

"थांब."

चादरताईनं फडकं बाजूला केलं. खाली एक डाळिंबी शाल होती. काठावर भरतकामाची बदकं, एकामागून एक चाललेली. मधलं एकच बदक तोंड फिरवून उलट्या दिशेला निघालेलं. भरणाऱ्या बाईचं लक्ष उडालं असावं. शालीच्या मध्यावर जळून पडलेलं भोक, अर्धं विणून झालेलं, अर्धं उघडं.

"हे बघ, इथून इथपर्यंत रफू केलाय. कळतंय का? नाही ना? उजेडात बघ." तिनं शाल दोन्ही टोकांनी उचलली आणि खिडकीसमोर धरली. उजवा हात वर, डावा खाली.

"तश्शाच राहा. चेहरा नाही येत, हातच येतोय. हलू नका, ताई. ताई, हे कसलं भारी आहे!"

फोन खटखटला. खाली नळ बंद झाल्याचा आवाज आला. चादरताईनं शाल ठेवली, वर फडकं नीट पसरलं आणि दोघी वरच्या जिन्यानं गच्चीतून पळाल्या. पळताना दोघींना हसू आवरत नव्हतं, आंबे चोरल्यासारखं.

झिपरीनं फोटोखाली लिहिलं होतं, 'जिथे जखमा उजेडात विणल्या जातात.'

फोटो सुटला. आधी शंभर, मग हजार, मग झिपरीनं मोजणं सोडलं. तिनं चादरताईला कडकडून मिठी मारली, इतकी, की हातातले अभ्रे खाली पडले. मालक स्वतः वर आले. "आपल्या हॉस्टेलचं नाव दिलंय पोरीनं! खाटा भरल्या!" त्यांनी तो फोटो मोठा छापून आणला आणि चादरताईच्या चादरी वाटायच्या टेबलामागेच भिंतीवर लावला. पाहुणे येताना जिन्याचा पत्ता विचारतच येऊ लागले.

घरी चादरताईची मुलगी फोन हातात घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, हा तुझा हात आहे."

"कशावरून?"

"आई. या हातचं मी जन्मल्यापासून खातेय." तिनं फोटो मोठा केला. त्रिकोणी डाग स्पष्ट दिसत होता. "काकांना विचारलं होतंस?"

"अगं, त्यात काय विचारायचं? चांगलंच तर झालं त्यांचं. किती लोकांनी बघितलं!"

"म्हणूनच विचारतेय," मुलगी म्हणाली.

शाल कुणाची होती, ते चादरताईला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ती एक खरीखुरी फाटलेली चादर घेऊन काकांसमोर उभी होती. खालून धपधप पावलं आली. काकांनी सवयीनं फडकं ओढलं. वर आल्या त्या खानावळवाल्या वहिनी. गल्लीच्या तोंडाशी त्यांची खानावळ. गरमागरम बाई, मोठा आवाज. आज आवाज अगदी लहान होता, आणि तेच भयंकर होतं.

"काका, शाल द्या."

काकांनी मागच्या पेटीतून घडी काढून दिली. वहिनींनी ती उलगडली, उजेडात धरली. अगदी तशीच, जशी फोटोत होती. बराच वेळ भोक शोधलं.

"सापडत नाही," त्या म्हणाल्या. "इतकं सुरेख केलंयत की मलासुद्धा सापडत नाही. आणि तरी अख्ख्या जगाला माहीत आहे."

"काय झालं, वहिनी?"

"पोरीच्या होणाऱ्या सासूची शाल ही. तिच्या आईनं भरलेली. पोरीनं लग्नात घ्यावी म्हणून मोठ्या विश्वासानं माझ्याकडे दिली. आणि मी बावळट, चुलीपाशी दाखवायला काढली सगळ्यांना. ठिणगी उडाली. म्हटलं, काका आहेत. कुणाला कळणार नाही. तर जावईबापूंनीच फोन दाखवला आपल्या आईला, 'बघ आई, कसला भारी फोटो.' तिनं बदक ओळखलं. ते उलटं बदक."

"मग?"

"मग काय? फोन आला. म्हणाल्या, भोक पडलं ते समजू शकते, विहीणबाई. लपवलंत, ते नाही. शाल परत पाठवा. लग्न होईल. शाल नाही." वहिनींनी शाल छातीशी धरली. "काका, तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. तुम्ही बायका उभ्या करून फोटो काढायला लागलात? तो हात कुणाचा?"

चादरताई तिथंच होती, दोन हातांवर. त्या वेळी तिच्या हातांत चादर होती आणि चादरीखाली डाग झाकलेला होता. तिनं तोंड उघडलं. बोलणारच होती. आणि तिच्या तोंडून आलं ते असं, "वहिनी, पाणी आणू का?"

"नको."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझ्या मांडीवरची होती," ते म्हणाले. "म्हणजे माझ्याकडूनच दिसली."

ते चादरताईकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते.

वहिनींचा आवाज दुसऱ्या दिवशी परत आला आणि जेवणाऱ्या प्रत्येकाला ऐकू गेला. काखेत बोचकं घेऊन येणारी माणसं येईनाशी झाली. ज्यांची कामं पेटीत होती, ती अर्धवटच घेऊन गेली. आणि एरवीही कोण चढणार तो जिना? पायरी-पायरीवर पाहुणे उभे, फोन वर करून. लपवायची गोष्ट घेऊन कुणी गर्दीतून जातं का?

चादरताईनं झिपरीला गाठलं. ऐकता ऐकता झिपरीचा चेहरा उतरत गेला.

"मी काढून टाकते, ताई. आत्ता. ह्या क्षणी." तिनं काढला. मग ती फोनकडे बघत बसली. "पण लोकांनी उचललाय तो. कुठं कुठं लावलाय. त्या पोरी बघा, त्या जिन्यात जाऊन ओढण्या धरून तसाच फोटो काढतायत. मी जाऊन सांगू का काकांना? माझी चूक आहे."

"तुझी कशी? तुला काय माहीत होतं?"

"आणि तुम्हाला?"

चादरताई हातातल्या चादरीची घडी घालू लागली. झिपरी जाताना दाराशी रेंगाळली, मिठी मारावी की नाही ते तिला कळेना, शेवटी चादरीची घडी तेवढी नीट करून हातात देऊन गेली.

त्याच आठवड्यात चादरताईनं नवऱ्याचा शर्ट कपाटातून काढून अंगात चढवला. टेबलामागे भिंतीवर तिचाच हात, पुरुषभर उंचीचा. त्याच्याखाली उभं राहून चादरी वाटायच्या. कुणीही एकदा वर आणि एकदा खाली बघितलं की झालं.

घरी मुलगी फक्त एवढंच विचारायची, "सांगितलंस?"

"सांगते गं."

"कुणाला सांगतेस? मला?"

सांगायच्या ऐवजी चादरताईनं दुसराच उद्योग सुरू केला. काकांकडे काम नव्हतं ना, मग काम न्यायचं. फाटलेल्या चादरी संपल्या. तशी ती गच्चीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभी राहून, धडधाकट चादरीला कात्री लावू लागली. कापायची, जरा ओढायची, चुरगाळायची. आणि घेऊन जायची. "पाहुणे हो, काका. नुसती रानडुकरं."

काका घ्यायचे. विणायचे. द्यायचे. "शोध" म्हणणं मात्र त्यांनी सोडलं होतं.

एक दिवस त्यांनी चादर घेतली, उलटी केली आणि मांडीवर तशीच ठेवली.

"ही फाटलेली नाही."

"म्हणजे?"

"फाटलं की धागा आधी ताणतो, मग तुटतो. टोकाला केस निघतात. ही कापलेली आहे. मागचीही कापलेली होती. त्याच्या मागचीही."

गर्दीतल्या एका पोरीनं वरच्या पायरीवरून फोटो काढला. काकांनी फडकं ओढलं नाही. आता झाकायचं काय होतं?

"काका..."

"इतकी वर्षं तो हात चादर पुढे करतोय माझ्या. मला तो ओळखू येणार नाही? फोटो दाखवला कुणीतरी, त्याच दिवशी कळलं."

"मग वहिनींना का नाही सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? तुझं भोक आहे." काका चिडले होते. इतकी वर्षं तिनं त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं. त्यांची नाकपुडी हलत होती. "मी वाट बघत होतो. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. बोलायचं सोडून तू चांगल्या चादरी कापून आणतेस. मला काम घालतेस? दया दाखवतेस? अगं, धड कापड फाडून आणून मला शिवायला देतेस, लाज कशी नाही वाटली?"

"वाटते," चादरताई म्हणाली. "तीच तर वाटते."

"मग ती घेऊन इथं नको येऊस. जिथं न्यायची तिथं ने."

चादर तशीच तिच्या हातात परत आली.

वहिनींच्या खानावळीत तेव्हा जेवणाची वेळ होती. बाकं भरलेली, वाढप्यांची पळापळ, वहिनी गल्ल्यावर न बसता स्वतः कालवणाचं पातेलं घेऊन फिरत होत्या. चादरताई दारात उभी राहिली. आत जाऊन बाजूला घेऊन सांगावं असं फार वाटलं. पण काकांची बदनामी बाजूला घेऊन झाली नव्हती.

"वहिनी, तो हात माझा आहे."

"कुठला हात? आत ये, दारात गर्दी नको."

चादरताईनं मनगटाचं बटण सोडलं. ते पटकन सुटेना. बाही वर केली आणि हात पुढे धरला. जवळच्या बाकावरचा एकजण घास तसाच धरून बघत राहिला.

"फोटोतला. काका नळावर गेले होते. मी त्यांना न विचारता फडकं काढलं. शाल मी धरली. काकांनी काही दाखवलेलं नाही. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं."

पातेलं टेबलावर आपटलं गेलं. कालवण दोघांच्या ताटांत उडालं.

"आणि त्या दिवशी तू तिथं उभी होतीस."

"हो."

"मला पाणी विचारत होतीस."

"हो."

"पाणी!" वहिनींचा आवाज पूर्ण उंचीला पोचला. "माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि ही मला पाणी विचारते! मी त्या म्हाताऱ्याला गल्लीभर चोर केलं. तुझ्यामुळं. आणि आता सांगतेस? शाल गेल्यावर? जखमा म्हणे उजेडात विणतात! कुणाच्या गं जखमा?"

"आता सांगतेय, वहिनी. उशीर झाला. तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा, पण सगळ्यांना सांगा. तुमचा आवाज माझ्यापेक्षा लांब जातो."

कुणीतरी हसलं, मग खोकून दाबलं. वहिनींनी पातेलं पुन्हा उचललं.

"सांगीन," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी सांगीन. तुझं मात्र मी काय करीन, ते माझं मला अजून ठाऊक नाही. जा आता. लोकांना जेवू दे."

वहिनींनी सांगितलं. जितक्या जोरात काकांना नावं ठेवली होती, तितक्याच जोरात. पण त्या शेजारच्या इमारतीच्या मालकानं तेवढ्यात जिन्याचं ते वळण एका कॉफीवाल्याला दिलंही होतं. गोल खिडकीसमोर आता छोटंसं काउंटर आहे. काकांचं बुटकं स्टूल त्यानं ठेवून घेतलं, भिंतीशी, शोभेला. त्यावर बसायला मनाई आहे.

काका भाचीकडे राहायला गेले. दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरची खोली. एक खिडकी आहे, ती समोरच्या भिंतीकडे उघडते. दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते. बोचकी पुन्हा यायला लागली, हळूहळू, थोडी. गल्लीत चादरताईशी लोक बोलतात, पण बोलता बोलता पिशवीचं तोंड बंद करून घेतात. वहिनी बोलत नाहीत. डबा लागला तर मुलीला पाठवावं लागतं.

आणि हॉस्टेलात फोटो आहे तिथंच आहे. मालकाला तिनं सगळं सांगून पाहिलं, काढा म्हणून. "अगं, लोक त्यासाठीच येतात," मालक म्हणाले. म्हणून शर्ट. गल्लीपुढे झाकण्यासारखं काही उरलं नाही. पण नवीन येणारी पोरं कौतुकानं विचारतात, "तो हात तुमचा का हो, ताई? एक फोटो?" आणि ते कौतुक तिला सोसत नाही. फुकट काय बघायचं, असं कुणी विचारलं की ती म्हणते, रस्त्यांनी फिरा, सापडेल.

मध्यंतरी शिडीबाईसारख्याच एका लांब पायांच्या पाहुण्यानं बुटांसकट झोपून चादर खरोखर फाडली. चादरताईनं आधी फाटलेली कड उजेडात धरून नीट बघितली. धाग्यांना केस होते. मग ती भाचीच्या दारात गेली.

काकांनी कड बोटावर घेतली, बघितली आणि चादर ठेवून घेतली. चार दिवसांनी ती आणायला गेली, तेव्हा त्यांनी चादर तिच्या हातात दिली आणि कितीतरी दिवसांनी म्हणाले, "शोध."

शोधावं लागलं नाही. मधोमध, ट्यूबलाइटच्या उजेडातसुद्धा, धागे एकमेकांना चुकून गेलेले दिसत होते. एक ओळ तिरकी, एक जरा ओढलेली.

"दिसतंय का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"पुरे आता," काका म्हणाले. "दिसत असेल तर दिसतंय म्हण."

चादरताईनं तिरक्या ओळीवर बोट ठेवलं. "दिसतंय, काका."

"हं. इथं डोळे पोचत नाहीत." त्यांनी दुसरं काम मांडीवर ओढलं, त्याच्यावर फडकं ओढलं आणि ती जाईपर्यंत हात फडक्याखाली ठेवून बसून राहिले.

ती चादर पाहुण्याला देता आली नसती. मालकानं फडकं म्हणून फाडायला लावली असती. चादरताईनं तिच्याऐवजी स्वतःच्या घरची एक कोरी चादर हॉस्टेलात भरली आणि ही घरी आणून आपल्या गादीवर घातली.

"आई, ही मधे अशी का?" मुलीनं हात फिरवून विचारलं. "बोटाला लागतंय."

"लागू दे," चादरताई म्हणाली, आणि शर्ट काढून खुंटीला अडकवला.